शेवटचे तीन बिंदू

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हेलियमवर प्रोटॉन सोडून दोन्ही इलेक्ट्रॉन किती वेळा उडतात, याचा तू पाठवलेला आलेख पाहिला. शेवटचे तीन बिंदू तुझ्या रेषेच्या वर बसलेत, म्हणून तू सगळं खापर डिटेक्टरवर फोडलंस. जरा थांब. तुझ्या वयाची असताना मीही अशीच रेषा काढली होती आणि तिला न जुमानणारे बिंदू गुपचूप गाळले होते. गाइडनी वही परत केली ती लाल शाईतलं एक प्रश्नचिन्ह काढून.

तुझा हिशेबही तोच दिसतो. हेलियमचा एक इलेक्ट्रॉन उडण्याची संभाव्यता काढायची, तिचा वर्ग केला की दोन्ही उडण्याची मिळाली. प्रोटॉन जितका वेगवान, तितका तो अणूपाशी कमी रेंगाळतो; 1 एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा प्रोटॉन एक अँगस्ट्रॉम, म्हणजे साधारण अणूएवढं, अंतर साधारण 7 अ‍ॅटोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश म्हणजे एक) कापतो. संभाव्यता घटते आणि तिचा वर्ग आणखी झपाट्याने घटतो. तेव्हा दुहेरी आणि एकेरी आयनीभवनाचं (दोन्ही इलेक्ट्रॉन उडणं आणि एकच उडणं यांचं) गुणोत्तर शून्याकडे जायला हवं. पण वेग खूप वाढवला तरी ते सुमारे 0.26 टक्क्यांपाशी अडून बसतं.

वर्ग करताना आपण धरून चालतो की दोन इलेक्ट्रॉनांचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रत्यक्षात एक अचानक निघून गेला की दुसऱ्याला जाणवणारा केंद्रकाचा प्रभार त्याच क्षणी बदलतो. त्याची जुनी अवस्था नव्या परिस्थितीत जशीच्या तशी बसत नाही, आणि क्वचित तोही बाहेर फेकला जातो. प्रोटॉनने त्याला हातही लावलेला नसतो!

हे मला खऱ्या अर्थाने पटलं ते अँटिप्रोटॉनमुळे, म्हणजे प्रोटॉनच्याच उलट्या प्रभाराच्या जुळ्यामुळे. 1986 साली सर्न प्रयोगशाळेत अँटिप्रोटॉन हेलियमवर सोडून पाहिले. काही एमईव्ही ऊर्जेला एकेरी आयनीभवन प्रोटॉनइतकंच आलं, दुहेरी मात्र जवळपास दुप्पट. वेग तोच, फक्त प्रभाराचं चिन्ह उलटं. याचं मला सर्वांत सोपं वाटणारं स्पष्टीकरण असं : दोन्ही इलेक्ट्रॉन जाण्याच्या वाटा दोन. एकीत प्रोटॉन एकालाच ढकलतो आणि दुसरा वर सांगितल्यासारखा जातो. तिचा ॲम्प्लिट्यूड (ज्याचा वर्ग केला की संभाव्यता मिळते तो आकडा) प्रभाराच्या प्रमाणात असतो. दुसरीत तो दोघांना वेगवेगळं ढकलतो. तिथे प्रभाराचा वर्ग येतो. आधी बेरीज, मग वर्ग, म्हणजे मधल्या पदात प्रभाराचा घन आला. घनाला चिन्ह कळतं. तुझ्या सूत्रात पहिली वाटच नाही, मग ते पद येणार कुठून?

जाता जाता एक गंमत. 1927 मध्ये थॉमस या भौतिकशास्त्रज्ञाने प्रोटॉनने अणूतला इलेक्ट्रॉन पकडून नेण्याची क्रिया कॅरमच्या सोंगट्यांसारखी मांडली. प्रोटॉनने टोलावलेला इलेक्ट्रॉन 45 अंशांत निघून दुसऱ्या इलेक्ट्रॉनवर आपटला, तर एक प्रोटॉनच्याच दिशेने, त्याच्याच वेगाने निघतो, म्हणून पकडला जातो, आणि दुसरा बरोबर काटकोनात. हे नुसत्या संवेगाच्या गणितातून येतं, स्वतः करून बघ. पाच ओळी लागतात.

आता डिटेक्टरबद्दल. तुझी शंका अगदीच चुकीची नाही, फक्त जागा चुकली. दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजनचा रेणू यांचं वस्तुमान-प्रभार गुणोत्तर जवळजवळ सारखंच, 2. आयनाला डिटेक्टरपर्यंत पोचायला लागणारा वेळ याच गुणोत्तरावर ठरतो, म्हणून उड्डाणकाळाच्या आलेखात दोघे एकाच शिखरात मिसळतात आणि निर्वात कक्षात उरलेला हायड्रोजन फुकट मोजला जातो. म्हणून आधी हेलियम बंद ठेवून पार्श्वभूमी मोज. मग हेलियम-3, म्हणजे हेलियमचा हलका प्रकार, मिळतो का ते विचार. त्याचं शिखर 1.5 ला येतं, हायड्रोजनपासून अगदी सुटं. महाग असतो, तेव्हा अर्ज करताना कारण नीट लिही.

तेवढं होईपर्यंत ते तीन बिंदू खोडू नकोस.

तुझी,
आई