फडके रोडच्या पायऱ्या वाचवा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

डोंबिवली पूर्वेला फडके रोडवर आमचं बिऱ्हाड आलं तेव्हा मी दुसरीत होतो. आता निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे आणि त्या कागदांवर माझी सही आहे. छताचा गिलावा सुटतो, सळ्या दिसतात. २०१५ मध्ये ठाकुर्लीत इमारत कोसळून माणसं गेली, तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या घरात कुणाला शांत झोप नाही. तेव्हा जुनं पाडू नका, असं मी म्हणत नाही. माझं गाऱ्हाणं तळमजल्यापुरतं आहे.

बिल्डरने दाखवलेल्या नकाशात रस्त्याच्या बाजूला पार्किंगचा रॅम्प आहे आणि दुकानं त्याच्यावर, काचेआड, पाच-सहा पायऱ्या चढून. आज आमच्या खाली वाण्याचं दुकान आहे. फळ्यांचं दार, प्रत्येक फळीवर गेरूने घातलेला आकडा, आणि फुटपाथला लागून एकच दगडी पायरी, मधोमध झिजलेली. पहाटे त्या पायरीवर फुलवाली मावशी ओलं गोणपाट अंथरून दूर्वांच्या जुड्या आणि जास्वंदी मांडते, कारण गणपतीच्या देवळात जाणारे सगळे इथूनच जातात. साडेनऊला शेटजी आले की ती टोपली उचलते. संध्याकाळी लोकलमधून उतरलेला माणूस पाठीवरची बॅगही न काढता त्याच पायरीशी उभा राहून पाव किलो रवा घेतो. भाडं नाही, करार नाही, पण एवढ्या वर्षांत भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

रेल्वे इथून १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली, डोंबिवली स्थानक १८८७ चं. गणेश मंदिर १९२४ मध्ये उभं राहिलं. पुढे गिरगाव-दादरला जागा परवडेना म्हणून मराठी चाकरमानी इकडे सरकला आणि स्टेशन ते देऊळ या वाटेवर कापड, पुस्तकं, भांडी, पोळी-भाजी असा त्याचा सगळा बाजार बसला. ऑफिसातून घरी जाता जाता उरकता येईल, असा.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी अभ्यंगस्नान, फराळ आणि गणपतीचं दर्शन झालं की सगळी तरुण डोंबिवली इथे उभी असते. बोलावणं कुणी करत नाही. लग्न होऊन ठाण्या-पुण्याला गेलेल्या मुली त्या सकाळी मुद्दाम येतात. माझी बहीण सत्तरीची आहे. तीही येते आणि त्या पायरीवर बसून शाळेतल्या मैत्रिणींची वाट पाहते. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये याच गावात सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर गेली. या रस्त्यावर ब्रिटिशकालीन मनोरे नाहीत, म्हणून वारसा म्हटल्यावर इकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण माणूस थांबू शकेल असा बाजार आपल्या उपनगरांत आता किती उरला आहे?

मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, तिच्यात इमारतींबरोबर परिसरही आहेत आणि स्थापत्याबरोबर सांस्कृतिक मूल्यही. तोच विचार इथे लावावा. बाजीप्रभू चौक ते गणेश मंदिर हा पट्टा वारसा परिसर म्हणून घोषित करावा. वर मजले कितीही चढोत, दुकानं रस्त्याच्या पातळीवर आणि थेट फुटपाथकडे उघडणारी असावीत. पायरी हवी तर प्लॉटच्या हद्दीत घ्या, पण ठेवा. मागे गल्ली असेल तिथे गाड्यांची ये-जा मागून करावी. आज शंभर-दीडशे चौरस फुटांत बसलेल्या दुकानदाराला तेवढाच गाळा परत मिळावा. मोठा गाळा त्याला पेलणार नाही, तो विकून जाईल आणि तिथे कुठल्या तरी साखळीचं शोरूम येईल.

महापालिकेत हेच अर्ज मी दोनदा दिले. वारसा म्हणण्यासारखं तिथे काय आहे, असं मला खिडकीवर विचारण्यात आलं. म्हणून हे पत्र आपल्याला.

आमचे नकाशे दिवाळीनंतर मंजुरीला जाणार आहेत. त्याआधी आपल्या खात्याच्या एखाद्या नगररचनाकाराला सकाळी सहा ते दहा या वेळेत इथे पाठवावं. मी खालीच असेन, वाण्याच्या दुकानापाशी.

आपला,
फडके रोडवरचा एक रहिवासी