गोमाशी दाखवणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात तुमच्या दवाखान्यात जनावराशिवाय आलेली बाई म्हणजे मी. "गोमाशी मागे लागली की गाय नेमकं काय करते?" असं विचारलं, तेव्हा बाहेर दोन म्हशी आणि एक शेळी खोळंबली होती. तुम्ही हसला नाहीत. त्यांचं उरकलंत, हात पुसलेत आणि म्हणालात, "सांगून कळायचं नाही. चला गोठ्यावर."

मी एका ग्रीक शोकांतिकेतला प्रवेश मराठीत आणत होते. एस्किलसच्या नावावर असलेल्या त्या नाटकात, खडकाला जखडलेल्या प्रोमिथियससमोर इओ नावाची तरुणी येते. डोक्यावर गायीची शिंगं, मागे गोमाशी, देशोदेशी नुसती पळापळ. ग्रीकमध्ये त्या माशीला 'ओइस्त्रोस' म्हणतात आणि उन्मादालाही तेच. मी आपली 'वेडाचा झटका' लिहून मोकळी झाले होते.

तुमच्या खिल्लार गायीनं तो झटका खोडला. माशी अंगावर बसलीही नव्हती. नुसत्या गुणगुणीनं तिनं शेपूट ताठ केलं, डोळे फिरवले आणि दाव्याला असा हिसडा दिला की खुंटा हलला. "चावा नंतर, आधी आवाजानंच उधळतं," तुम्ही म्हणालात. इओची तुटक, मध्येच किंचाळणारी वाक्यं मला तिथं शेणात उभं राहून कळली.

मग चहा पिताना पिसाळलेल्या कुत्र्यांचा विषय निघाला आणि तुम्ही रेबीजच्या विषाणूला 'लिसाव्हायरस' म्हणालात. मी कप खाली ठेवला. युरिपिडीसच्या 'हेराक्लीस' नाटकात लिस्सा ही उन्मादाची देवता रंगमंचावर येते. हे काम नको, असं ती स्वतःच सांगून पाहते, तरी हेरा या देवीच्या हुकमावरून हेराक्लीसच्या हातून त्याचीच बायकामुलं मारवते. कुत्र्याच्या पिसाळण्यालाही ग्रीकांचा हाच शब्द. आपल्या 'वेडंपिसं'मध्येही वेड आणि पिसाळणं असं शेजारीच राहतं, हे इतकी वर्षं मराठी बोलून ध्यानात आलं नव्हतं.

सॉक्रेटिसाचंही सांगितलं होतं. अथेन्स म्हणजे जातिवंत पण सुस्तावलेला घोडा आणि आपण त्याला डसणारी माशी, असं तो खटल्यात म्हणाला. (प्लेटोनं तिथं माशीला शब्द वेगळा वापरलाय, 'मुओप्स'.) इ.स.पू. ३९९मध्ये त्याला विष प्यावं लागलं. त्यावर तुमचं उत्तर: "घोडा शेपूट मारणारच की!"

फी तुम्ही घेतली नाहीत. प्रवेशाची प्रत सोबत पाठवते आहे. इओ करणाऱ्या मुलीला गाय बघायची आहे. रविवारी घेऊन येऊ का?