ढाबळीतलं दुसरं पिल्लू

आदरणीय चाचा,

सलाम. काल दुपारी एकाच मडक्यात कबुतराची दोन पिल्लं फुटली, तासाभराच्या अंतराने. दोन्ही अगदी सारखी. त्यांच्याकडे बघतानाच ठरवलं की तुमचे आभार चारचौघांसमोर मानायचे.

आप्पा गेले तेव्हा पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर होमरच्या, म्हणजे लांबून घरी परतणाऱ्या कबुतरांच्या, सहा जोड्या मागे राहिल्या. दाणापाणी मला जमत होतं, अंड्यांचं काहीच कळत नव्हतं. मागच्या हंगामात एका पाठोपाठ चार घरट्यांत तेच झालं. एक पिल्लू टुणटुणीत, दुसरं तीन-चार दिवसांत खपाटीला गेलेलं. मला वाटलं, रोग आहे. घाण लागलेली अंडी मी नळाखाली धुतलीसुद्धा.

तुम्ही गुडघे धरत तीन जिने चढून आलात. घरट्यात डोकावण्याआधीच विचारलंत, "बेटा, पहिलं अंडं कधी घातलं?" मला सांगता येईना. तुम्ही खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिलीत. तेव्हापासून प्रत्येक अंड्यावर मी हलक्या हाताने तारीख लिहिते.

मादी पहिलं अंडं दिवस कलताना घालते आणि दुसरं साधारण ४४ तासांनी, तिसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या वेळात पहिल्याला ऊब मिळत राहिली तर ते आधी फुटतं, त्यातलं पिल्लू आईबापाच्या गळ्यातलं दूध पिऊन मोठं होतं आणि मागून आलेलं त्याच्या खाली दबतं. आमच्याकडे रोग नव्हताच. पहिलं अंडं उचलून गार जागी, धान्याच्या वाटीत ठेवायचं, घरट्यात लाकडी अंडं सोडायचं आणि दुसरं आलं की दोन्ही एकदम बसवायची. आतला जीव मरेल या भीतीने माझे हात थरथरत होते. पुरती ऊब मिळेपर्यंत तो वाढायलाच लागत नाही, हे तुम्ही किती शांतपणे समजावलंत! धुतल्याने कवचावरचा राखण करणारा थर जातो, हेही सांगितलंत, पण एका शब्दानेही रागावला नाहीत.

पाचव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा तुम्ही दाखवल्यात, तो क्षण मी विसरणार नाही. आप्पांनी हे कितीदा पाहिलं असेल!

एका जोडीच्या अंड्यांत शिरा दिसल्याच नाहीत. ती काढून टाकायला निघाले तर तुम्ही थांबवलंत. लगेच काढली तर मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालते आणि थकते. म्हणून तिच्याखाली लाकडी अंडी ठेवून तिला विसावा दिला. दुसऱ्या जोडीची अंडी तिला द्यायची झाली तर तारखा जुळायलाच हव्यात, कारण नर-मादीच्या गळ्यातल्या पिशवीत दूध पिल्लं फुटायच्या वेळेलाच तयार होतं. पेन्सिलचं महत्त्व मला तेव्हा खरं कळलं.

या एप्रिलच्या कोरड्या उन्हात पत्र्याखाली रोज आंघोळीचं पसरट भांडंही ठेवलं. ओल्या पोटाने पाखरं अंड्यांवर जाऊन बसत होती, त्यांना ओलावा मिळत होता. दुसरं अंडं आल्यापासून अठराव्या दिवशी, म्हणजे काल, दोन्ही कवचं फुटली.

सातव्या-आठव्या दिवशी पायात ओळखीची रिंग घालावी लागेल. आप्पांच्या डब्यातल्या दोन रिंगा काढून ठेवल्या आहेत. पुढच्या रविवारी रिक्षा घेऊन मी स्वतः जुन्या नाशकात येते. जिने सावकाश चढू. दुसऱ्या पिल्लाची रिंग तुमच्याच हातून घालायची आहे.

तुमची,
आप्पांची लेक