पाण्याचा ताळेबंद आम्हाला नवा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात हवामान बदल आणि शेती या कार्यशाळेचा वृत्तान्त वाचला. दीपप्रज्वलन झालं, चहापान झालं, फोटो आले, आनंद आहे. पण त्यातलं साहेबांचं एक वाक्य तुम्ही चौकटीत ठळक छापलंत, 'शेतकऱ्यांनी आता पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकले पाहिजे'. ते कालपासून घशाखाली उतरत नाही.

आम्ही पांझरा नदीकाठचे फडवाले, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने वाटून घेऊन शेती करणारे. बंधाऱ्याखालची जमीन चार फडांत, म्हणजे चार मोठ्या पट्ट्यांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि ज्याचा त्याचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात. नदीला पाणी बरं असेल त्या साली एका फडात ऊस. नसेल तर ऊस बंद. फारच ओढ दिली तर एक अख्खा फड पडीक. पडीक सगळ्यांचाच, म्हणून भांडण नाही. मोटार नाही, वीजबिल नाही, पाणी उताराने यायचं. हिशेब पंच मांडायचे, तोही तोंडी. आमचे आजोबा पंच होते. कोणी जास्तीचा ऊस मागायला आला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पानी जितलं शे, तितलंच पेरानं." याला आता हवामान बदलाशी अनुकूलन म्हणतात म्हणे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात नाला खोलीकरण आलं. हरकत नव्हती. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून नाले खोल करून पाणी जिरवण्याचं जे काम केलं ते आम्हीही गाडी करून बघून आलोय. पण तिकडच्या पट्ट्यात तापीचा गाळ. पिवळ्या मातीचा थर फोडला की खाली वाळू लागते, पाणी मुरतं. आमच्याकडे हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. तिथे खोल खणलं की नाला खोल होतो, एवढंच. नाही म्हणायला लगतच्या दोन विहिरींना दिवाळीपर्यंत पाणी राहिलं. विहिरी कोणाच्या ते विचारू नका.

ते असो. पोकलेनने जाता जाता नाल्यावरून पाट नेणारी आमची जुनी दगडी कमान उडवली आणि निघालेला मुरूम शंभर-दीडशे फूट पाटातच लोटला. मी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी संगणकावर नकाशा उघडला, मोठा केला, लहान केला, म्हणाले, "काका, इथे पाट दिसत नाही." म्हटलं, साहेब, बुजवल्यावर कसा दिसेल? तर म्हणे पाटाचा सातबारा आणा. आता पाटाचा सातबारा कोणाच्या नावाने काढू? पाटाचं पाणी सोडणारा शेवटचा पाटकरी होता, तोही वारला. तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच जपून ठेवली आहे, उत्तर एकाचंही नाही. चौथ्या फडाला तेव्हापासून थेंब नाही. त्यात माझे तीस गुंठे आहेत, सध्या बाभळी छान वाढल्या आहेत. वृक्षलागवडीत धरायच्या असतील तर धराव्यात.

फड एकट्या पोकलेनने मोडला असं म्हणत नाही. वर लाटीपाडा धरण झालं, नदीचं वाहणं बदललं, मग ज्याने त्याने नदीत मोटारी टाकल्या. आमच्या घरचीही एक होती, खोटं कशाला बोलू. तरी उरलंसुरलं चालू होतं. २०१८ ला आपल्या जिल्ह्यात दुष्काळ जाहीर झाला आणि २०१९ च्या ऑगस्टात हीच पांझरा पूर घेऊन धुळ्यात शिरली. अशा नदीकाठी कोणत्या साली किती पेरायचं हे ठरवणारी पंचमंडळी हवीत की चौकटीतली वाक्यं, हे साहेबांना कोणी त्या कार्यशाळेत विचारलं का? वृत्तान्तात तरी दिसलं नाही. जेवणाचा मेनू मात्र होता.

आणखी एक. त्याच पानावर बंधाऱ्याचं छायाचित्र आहे, खाली ओळ 'ब्रिटिशकालीन बंधारा'. तो आमच्या वरच्या गावचा फडाचा बंधारा आहे. महोदय, इंग्रजांच्या ताब्यात खान्देश आला १८१८ ला. फडाचे बंधारे त्याच्या कितीतरी आधीचे. दुरुस्ती छापावी, आतल्या पानात कोपऱ्यात नको, जिथे चूक झाली तिथेच आणि तेवढ्याच अक्षरात.

वार्ताहर पाठवणार असाल तर पावसाआधी पाठवा. कमानीचे दगड अजून नाल्यात पडलेले आहेत, पुराने गेले की तेही नकाशात दिसणार नाहीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार
पांझराकाठ, ता. साक्री, जि. धुळे