पाठ येतो, अर्थ येत नाही

कॅप-हेशियन, हैती

तीर्थरूप बाबा व आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले, "तिथे शाळा तरी आहेत का?", आणि लाइन तुटली. शाळा गल्लोगल्ली आहेत, बाबा. पण दहापैकी आठांहून अधिक खाजगी, फी घेणाऱ्या. 1987 च्या राज्यघटनेत प्राथमिक शिक्षण मोफत म्हटले आहे, ते बव्हंशी कागदावर राहिले. गुलामांनी फ्रेंच फौजेला हरवून 1804 मध्ये हा देश स्वतंत्र केला, तर 1825 मध्ये फ्रान्सने किनाऱ्याला युद्धनौका लावून गुलाम आणि जमिनी गमावलेल्या फ्रेंच मळेवाल्यांच्या "नुकसानी"पोटी 15 कोटी फ्रँक मागितले! पुढे ती रक्कम 9 कोटींवर आली, तरी त्यापायी काढलेली कर्जे 1947 पर्यंत फिटत होती. शाळा बांधायचे पैसे असे बाहेर गेले. सगळा दोष त्याच एका कर्जाला देता येणार नाही, इथल्या राज्यकर्त्यांनीही कमी लुटले नाही.

राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये टोळ्यांच्या भीतीने घर सोडलेली कुटुंबे शाळांच्या वर्गांतच राहतात. मी तिथून दूर उत्तरेला आहे, आईने काळजी करू नये.

माझ्या शेजारची बाई रस्त्याच्या कडेला केळ्याचे तळलेले काप विकते. तिला तीन मुले आहेत, फी मात्र दोघांचीच जमते, म्हणून एकजण आळीपाळीने घरी बसतो. मुलीच्या वेणीला गणवेशाच्या रंगाची रिबीन आणि पायात पांढरेशुभ्र मोजे असल्याशिवाय ती तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. आई, माझ्या कॉलेजच्या फीसाठी तू पाटल्या गहाण ठेवल्या होत्यास, हे मला इथे वारंवार आठवते.

ही मुलगी संध्याकाळी येरझाऱ्या घालत फ्रेंच धडा मोठ्याने घोकते. घरीदारी सगळे क्रिओल ही इथली लोकभाषा बोलतात, पुस्तक मात्र फ्रेंच. एका शब्दाचा अर्थ विचारला, तर ती ओशाळून हसली. तिला धडा शेवटपर्यंत पाठ होता. 1979 नंतरच्या सुधारणेने प्राथमिक वर्गांत क्रिओल आणले आणि 1987 मध्ये ती राजभाषाही झाली, तरी पालकांना फ्रेंचच हवी असते, कारण नोकरी तिच्यामागून येते. आपल्या तालुक्यात इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसकडे पाहून तुम्ही जे पुटपुटायचात, तेच इथली एक म्हण सांगते: फ्रेंच बोलता आले म्हणजे अक्कल आली असे नाही.

क्रिओलची लिपी रोमन असली, तरी लेखन उच्चाराप्रमाणेच होते, आपल्यासारखे. म्हणून एक विनंती: पहिलीच्या मुलांना तुम्ही चिंचोक्यांनी अक्षरे जुळवायला शिकवत होतात, तो खेळ पायरीपायरीने लिहून पाठवा. चिंचा इथेही मिळतात. घरी बसलेल्या धाकट्यापासून सुरुवात करीन म्हणते.

आईने गुडघ्याचे औषध चुकवू नये.

तुमची लाडकी,
सुमन