तुम्ही वहीत शून्य लिहिलं नाही

प्रिय ताई,

कॅन्सरची शेवटची केमो होऊन चार महिने झाले. आज सकाळी खुर्चीच्या हातांना न धरता सलग १२ वेळा उठले-बसले आणि पहिली आठवण तुमचीच आली.

तुमच्याकडे व्यायामासाठी आले तेव्हा मला संडासातून उठायलाही कुणाचा तरी हात लागायचा. आधीच्या ठिकाणी दर खेपेला वजन व्हायचं. काटा जागेवर दिसला की "वजन टिकलंय, छान" म्हणून पुढचा पेशंट आत. पायांवर सूज होती, त्या पाण्यानं काटा टिकला होता. आत मांड्या झिजत होत्या, हे कुणी हात लावून पाहिलं नाही. "थकवा येणारच, आराम करा" हा सल्ला मी तीन महिने इमानेइतबारे पाळला. त्याचा राग अजून गेलेला नाही. पडून राहिल्यानं स्नायू किती झपाट्यानं जातात आणि स्नायू कमी झाले की केमोही जास्त सोसावी लागते, हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

तुम्ही पहिल्याच दिवशी पोटरीचा घेर टेपनं मोजलात, माझ्या मुठीची ताकद पाहिलीत. हा आजार स्वतःच स्नायू खातो, म्हणून नुसतं खाऊन भागत नाही, स्नायूंना कामही द्यावं लागतं, हे समजावलंत. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, हा हिशेब आहारतज्ज्ञांनी मांडला, पण भुकेची वाट न पाहता दर दोन तासांनी चार घास खायची सवय तुम्ही लावलीत. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स उतरल्या तेव्हा रबरी पट्ट्याचा व्यायाम थांबवलात, तोही न घाबरवता.

पण मी हे पत्र लिहितेय ते एका दुपारसाठी. त्या दिवशी खुर्चीतून एकदाही उठता आलं नाही. मी रडत होते. तुमच्या हातात उठाबशांचा आकडा लिहायची ती निळी वही होती, आता तुम्ही शून्य लिहिणार असं मला वाटलं. तुम्ही फरशीवर बसलात, माझा घसरलेला मोजा वर ओढलात, दोन्ही तळवे जमिनीवर नीट टेकवलेत आणि थांबलात. मग लिहिलंत, "आज पाय टेकवून, पाठीला आधार न घेता दहा मिनिटं बसल्या." खोटं काहीच नव्हतं त्यात. त्या रात्री मी अर्ध्याऐवजी अख्खं अंडं खाल्लं.

रात्री न सांगता पाण्याची बाटली हाताशी सरकवून ठेवणाऱ्या मावशीही तुमच्यासारख्याच. अशी माणसं पगारासाठी एवढं करत नाहीत. त्यांना समोरचा माणूस दिसतो.

वही माझ्याकडेच आहे. आजचा आकडा मी स्वतः लिहिलाय. पुढच्या तपासणीला घेऊन येते. त्याखाली तुमची सही हवी आहे.

तुमची,
खिडकीजवळच्या कॉटवरची