पँडोरा देखणे, पटकथेचे काय?

महोदय,

जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘अवतार’ला (२००९) ऑस्करची नऊ नामांकने होती, त्यांत पटकथेचे नव्हते. पुरस्कार मिळाले ते छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि व्हिज्युअल इफेक्ट्सना. न्याय झाला म्हणायचा! पँडोरा या काल्पनिक चंद्रावरचे रात्री उजळणारे जंगल, अधांतरी डोंगर, पॉल फ्रॉमर या भाषातज्ज्ञाने तिथल्या निळ्या रहिवाशांसाठी, म्हणजे नावींसाठी, घडवलेली स्वतंत्र भाषा... मेहनत पाहून थक्क व्हायला होते. आणि माणसे? पृथ्वीवरून आलेला नायक शेवटी नावींचाच होणार, हे मध्यंतराआधीच उघड. जंगलाच्या पानापानाचा विचार करणाऱ्यांना त्या खलनायक कर्नलच्या मनात एखादी शंका पेरायला काय हरकत होती? तरी नावींचे घर असलेला तो महावृक्ष कोसळतो तेव्हा गलबलून येते, हेही खरे. त्याचे श्रेय मात्र मी संवादांना देणार नाही.

— एक प्रेक्षक